उबदार कोपरा

झरियाच्या कोळसा खाणपट्ट्यात आमच्या शाळेच्या खाली, जमिनीतला कोळसा जळतोय. परीक्षेआधीच्या उजळणीत मी विचारलं, "आग कशी विझवतात?"

"इंधन काढून घ्यायचं, हवा बंद करायची, नाहीतर गार करायचं," सोनमतीने घडाघडा सांगितलं. "मग खालची का विझत नाही, मास्टरजी? आजोबांच्या लहानपणापासून जळतेय."

"तो प्रश्न पेपरात येत नाही. बस खाली," मी खेकसलो.

दर थंडीत मागच्या उबदार कोपऱ्यासाठी पोरं मारामाऱ्या करायची. यंदा कोणी भांडलं नव्हतं. "एवढी तरी अक्कल आली तुम्हाला," मी म्हणालो.

सोनमतीने फरशीवर तळवा टेकला. "भांडायचं कशाला? आता सगळीकडे सारखंच गरम आहे."

माझ्या पायात बूट होते. मी पुढचा प्रश्न विचारला.