शेवंताचं रक्त

एकोडीच्या मालनबाई दहा वर्षांच्या शेवंताला घेऊन तिसऱ्यांदा दवाखान्यात आल्या, तेव्हा गुडघेदुखीनं पोरीला उभंही राहवत नव्हतं. रक्त तपासणाऱ्या डोमा मेश्रामला हिमोग्लोबिन पुन्हा सहाच दिसलं. डॉक्टरांनी पुन्हा लोहाच्याच गोळ्या लिहिल्या, तेव्हा डोमा त्यांच्या खोलीत गेला.

"साहेब, आठ महिने झाले, आकडा हलत नाही. काचेवर पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात."

"तू रक्त तपास. रोग मी पाहतो."

बाहेर मालनबाई रडकुंडीला आल्या होत्या. "एकबी गोळी चुकवली नाही जी. तरी डॉक्टर मलेच रागावते. पोरगी काहून कण्हून राहिली मंग?"

डोमाचा संयम सुटला. त्यानं मायक्रोस्कोप उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "एकदा पाहा साहेब, मग हवं तर माझी तक्रार करा."

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मग नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली: सिकलसेलची, म्हणजे विळ्यासारख्या पेशींच्या आजाराची शंका.

चिठ्ठी घेऊन डोमा बाहेर आला. "बाई, हा आजार जन्मापासूनचा असते. पुरा जात नाही, पण तिथं दुखण्यावर इलाज होईल."

"मंग माही चूक नव्हती?"

"नव्हती."

हे डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. ते पुढच्या रोग्याला हाक मारत होते.