काँगोतली नागली

“बेळगावला परेडची रांग मोडायचो, तो मी,” असं म्हणून मी मंगळूच्या तोंडाकडे बघत बसलो. तो अंगणातल्या कोंबड्या बघत होता.

मी धादांत खोटं बोलत होतो. रांग मोडायचा तो मंगळू, आणि असं श्रेय मी लाटलं की तो खवळून उठायचा. गेलं वर्षभर हाच माझा उद्योग होता. दर आठवड्याला जव्हारहून जीपनं खोडाळ्याला यायचं, त्याच्या पडवीत बाकड्यावर बसायचं आणि फौजेतली एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची. त्याला आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, मुलगा सुशील समोर आला तर मास्तर समजून नमस्कार करतो. साठीही उलटलेली नाही त्याची. पण गोष्ट चुकली की म्हणायचा, “हेमंत, तुजा डोका फिरला का? तिथं मी होतो.” तो चूक काढतो तोवर तो आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. गेल्या दोन खेपांना त्यानं एकही चूक काढली नव्हती.

बेळगावची खरी गोष्ट अशी. भरतीनंतर पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी आम्हाला तीन-तीनच्या ओळीत चालायला लावलं. मंगळू दहा पावलं नीट चालायचा आणि मग अलगद पुढच्याच्या मागे जाऊन लागायचा. उस्ताद ओढून बाजूला आणायचे, हा परत मागे. आमच्या डोंगरात सगळे भाताच्या बांधावरून चालत वाढलेले. डांबरी रस्ता रिकामा असला तरी बाजाराला निघालेली चार माणसं एकामागे एकच चालतात, नवरा-बायकोसुद्धा. मी जव्हार गावातला, दुकानदाराच्या घरचा, म्हणून बचावलो. शेवटी उस्तादांनी गळपट्टी धरून विचारलं, बाजूला चालायला काय होतं? मंगळू अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, “उस्ताद, भात तुडवला तर बाप मारतो.”

मैदानात गवताची काडी नव्हती. मी हसलो, म्हणून दोघांनाही रायफल डोक्यावर धरून दहा फेऱ्या. तेव्हापासून आमची जी जोडी जमली ती वीस वर्षं टिकली. बायकोला सांगितलं नाही ते मी त्याला सांगितलंय. त्यालाही जर ते आठवणार नसेल, तर ती वीस वर्षं एकट्यानं घेऊन मी कुठे जाऊ?

म्हणून त्या दिवशी मी हुकमाचं पान काढायचं ठरवलं. काँगोची गोष्ट. तिला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

शांतिसेनेत आमची तुकडी काँगोला गेली होती. निळी हेल्मेटं घालून गस्त घालायची, लोकांना हात दाखवायचा, आणि संध्याकाळी डबाबंद मटार खाताना घरच्या नावानं सुस्कारे टाकायचे. एकदा गस्तीवर गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत मी गाडीत डुलकी काढली. जाग आली तर मंगळू गायब. वायरलेसवर निरोप गेला, एक जवान बेपत्ता. मेजरसाहेब स्वतः आले, पंधरा जण रायफली रोखून झाडीत घुसले. दोनशे पावलांवर शेत लागलं आणि शेतात मंगळू वाकलेला. तिथल्या एका म्हातारीनं नागली, म्हणजे नाचणी, फेकून पेरली होती, दाट, हातभर रानात शंभर रोपं. खोडाळ्याच्या माणसाला ते बघवेना. नागली उपटून, उताराच्या वरकस जमिनीत दूर दूर लावायची असते, हे त्यानं तिला हातवारे करून सांगितलं. तिला कळलं नाही, तेव्हा करून दाखवायला घेतलं. अर्धं शेत उपटून झालं होतं. निळं हेल्मेट उलटं ठेवून त्यात रोपांच्या जुड्या भरल्या होत्या, आणि म्हातारी कुदळीच्या दांड्यानं भारतीय फौजेच्या पाठीत धपाटे घालत होती.

मेजरसाहेबांनी बिस्किटांचे दोन डबे देऊन तिची माफी मागितली आणि आम्हाला हुकूम सोडला, अर्धं उपटलंच आहे, आता लावून पुरं करा. दोघं पहाऱ्याला ठेवून बाकी सगळी तुकडी चिखलात वाकली. साताऱ्याचे, नांदेडचे गडी मंगळूला शिव्या घालत नागली लावत होते आणि हा पट्ठ्या उस्तादासारखा मागून येऊन वाकडं रोप सरळ करत होता. साडेतीन-चार महिन्यांनी ती म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन छावणीच्या फाटकाशी आली. कणसं मुठीएवढी होती. ती वाळवून, दळून लंगरात मंगळूनं भाकऱ्या थापल्या. पोरं म्हणाली, जळाल्यात. त्यानं एकट्यानं सात खाल्ल्या.

ही सगळी गोष्ट मी उलटी करून सांगितली. म्हणालो, “काँगोत नागली उपटली ती मी. लावली पण मीच. तू गाडीत घोरत पडलेलास.”

मंगळूनं कोंबड्यांवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत चमक होती. मला वाटलं, आला माणूस परत.

“मग?” तो म्हणाला. “मग काय झाला?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्यासारखा तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

तेवढ्यात त्याची बायको, गोजावहिनी, आतून आल्या. त्या नाशिकच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत. आम्ही पडवीत फौज गाजवायचो तेव्हा त्या चुलीपाशी असायच्या, आणि त्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं, मी तर नाहीच.

“भावजी, खोटा कशाला सांगता,” त्या म्हणाल्या. “घोरत होते ते तुम्ही. नागली यांनी लावली.” आणि खाली बसून त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. पंक्चर झालेलं चाक मागचं होतं, हे मी विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. बिस्किटांचे डबे दोन, भाकऱ्या सात. म्हातारीच्या काखेत कापडात बांधलेलं नातवंड होतं, ते मला त्यांनी सांगितल्यावर दिसलं. मधेच हात लांब करून त्यांनी मंगळूच्या खांद्याला लावला. “पयला दांडका इथं बसला. थंडीत दुखतो, मी तेल चोळते.”

मंगळू ऐकत होता. हेल्मेटात रोपं भरल्याचं आलं तेव्हा तो हसायला लागला, मग मांडीवर थापा मारून हसला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर असा हसलेला तो मला कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. मीही हसलो. त्या हसण्यात मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

“लय भारी माणूस,” मंगळू डोळे पुसत म्हणाला. “हाये का तो अजून?”

मी वहिनींकडे बघितलं. त्या खांद्याजवळचं त्याचं बनियन नीट करत होत्या.

“हाये ना,” त्या म्हणाल्या. “इथंच ऱ्हातो, खोडाळ्यात.”

“मग बोलाव की त्याला,” मंगळू म्हणाला. “येऊन बसंल जरासा.” आणि बाकड्यावर सरकून त्यानं शेजारी एका माणसापुरती जागा केली.