पेवातला देव

मरायच्या आदल्या दिवशी मुंजाजीनं लेकीशी कांद्यावरून भांडण काढलं. "कांदा कुठंय, केवळे?" म्हणत त्यानं स्वतःच बुक्कीनं कांदा फोडला, खोकला, हसला आणि मेंढरं घेऊन गोदावरीतल्या बेटावर गेला.

तिथल्या कपारींत धनगरांच्या पिढ्या राहिलेल्या. छतं चुलींच्या धुरानं काळी. सगळ्यात खालच्या, विहिरीसारख्या विवरात मात्र कुणी कधी चूल मांडली नव्हती. त्यांना अक्कल होती.

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झालेली. रिकाम्या गादीवर, बेटापुरते का होईना, बन्सीधर महाराज बसले. विवरात दोरीनं दिवा सोडायचा, तो विझला की महाराज गरजत, "देवानं ज्योत गिळली! आता दमाबी गिळणार!" देव खाण्यात चोखंदळ नव्हता, त्याला रॉकेलही चाले.

दुसऱ्या दिवशी दिवा विझल्यावर, दमा घालवायला, केवळाबाईच्या देखत पहिला मुंजाजी आत उतरला. वर आलं ते प्रेत. महाराजांनी तिथल्या तिथं त्याची समाधी करून टाकली. मग काय! सोनपेठचा निम्मा बाजार दर्शनाला बेटावर लोटला.

तेराव्या दिवशी उतरायचा दुसरा मान खोकणाऱ्या कासाबाईचा. ती दोरीला हात घालणार, तोच केवळाबाई पुढं झाली.

"मावशी, जमिनीत पुरलेलं ज्वारीचं पेव उघडल्यावर काय करता?"

"आधी दिवा सोडतो. विझला तर उतरत न्हाई. कोंडलेली हवा माणूस मारती."

"मग हितं?"

"हितं देव हाय ना, बाई."

"मंग तुमच्या पेवातबी असंल. त्याला निवद दावता का?"

कुणीतरी खुदकन हसलं. महाराज कडाडले, "बापाच्या समाधीवर थुंकायलीस!"

"तुमीच उतरा की, महाराज. देव तुमच्या वळखीचा."

महाराजांना एकाएकी एकादशी आठवली. उपाशीपोटी उतरत नसतात म्हणे.

केवळाबाईनं लिंबाचे डहाळे दोरीला बांधले आणि पेवात हलवतात तसे घटकाभर विवरात खालीवर हलवले. मग दिवा सोडला. तो जळत राहिला. देव बहुधा उठून गेला होता.

"तळाला पुराचा पाला कुजायलाय," ती म्हणाली. "तिथली जड हवा वर येत न्हाई. दिव्याला लागती तीच हवा माणसाला लागती. दिवा विझला की हात जोडू नका, मागं सरा."

कासाबाईनं दोरी सोडली. महाराज नावाडी शोधू लागले.

"माझ्या आबानं समाधी घेतली न्हाई. आबा गुदमरून मेले," केवळाबाई म्हणाली. "त्या दिवशी दिवा विझलेला मीबी पाहिला. पेव माझ्याबी घरी हाय. पर एवढ्या माणसांत बाईनं कसं बोलावं, म्हणून गप बसले."

ती विवराच्या काठाशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, उतरू नका."