राजाची उडी

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उतरेपर्यंत अजमलचे गुडघे पार बोलायला लागले होते. जन्मभर ट्रक हाकलेल्या माणसाला आता महाडहून इथवर नुसतं बसून येणंही जड जात होतं. पण आज यायलाच हवं होतं. कुशाबाला त्याचा मुलगा मंगेश मुंबईला नेत होता, कायमचा. आणि ‘हत्ती फुकट घालवलास’ हे कुशाबाचं पालुपद अजमलला आज एकदाचं खोटं पाडायचं होतं.

तो डाव तरुणपणातला. अजमलनं हत्ती बळी देऊन हल्ला चढवला होता आणि तरी हरला होता. तेव्हापासून त्यावर वाद घालायला तो वेळ मिळेल तेव्हा कुशाबाच्या वाडीवर चढून जायचा. हल्ली सुनेनं मोबाइलवर बुद्धिबळाचे दोन प्रोग्रॅम घालून दिले होते. त्यांच्यापुढे डोळे फोडून तो कंटाळला होता, पण उत्तर मिळालं होतं.

स्टँडच्या बाकावर कुशाबाशेजारी बसून त्यानं मोबाइल पुढे धरला. “बघ, दोघंपण सांगतात. हत्ती दिला ता बरोबर. मात हाय.”

गाठोड्याला टेकलेला कुशाबा म्हणाला, “आन माजा राजा उडाला, त्याचं काय?”

त्यांच्या देशी डावात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. आधी शह बसला, की तो हक्क गेला. कुशाबानं बोटानं राजा सरकवला. मोबाइलनं तो परत जागेवर आणून ठेवला.

“याला उडी ठावी नाय रे,” कुशाबा म्हणाला.

अजमलचं तोंड उतरलं. सगळी मेहनत पाण्यात. सवयीनं तो चाली मागे नेत राहिला. हत्ती देण्याआधी उंटाचा एक शह देता आला असता. ती चाल दोन्ही प्रोग्रॅमनी वाया ठरवली होती, म्हणून त्यानंही सोडून दिली होती. आता त्याचं बोट तिथंच थांबलं.

“कुशा, आधी उंटानं शह द्यायला हवा होता. तुझी उडीच गेली असती. मग हत्ती!”

“हां.”

“हां काय? तुला ठावं होतं?”

“त्याच राती कळलेलं.”

“मग इतकी वर्सं बोलला का नायस?”

मुंबईची गाडी लागली. मंगेशनं गाठोडं उचललं. कुशाबा अजमलच्या खांद्याचा आधार घेत उठला.

“बोललो असतो, तर वाडीवर चढून कोण आला असता?”

गाडी गेली. अजमलला रडू फुटलं. महाडची एसटी समोर उभी होती, पण त्याला उठवेना.