करकरणाऱ्या खुर्चीचं म्हणणं

“मी जेवत असेपर्यंत तू बोल. मी उत्तर देणार नाही, पण ऐकेन.”

रत्नाकाकूंचं हे सांगणं अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी त्यांच्या स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची. मेपलच्या लाकडाची. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, घरं बदलताना विद्यार्थी नको ते सामान रस्त्याकडेला ठेवून जातात. तिथूनच काकांनी मला उचलून आणलं. तेव्हापासून मी करकरते. काकूंचा मुलगा प्रसन्न दर भेटीत म्हणतो, “आई, ही चेअर फेकून दे ना, यार!”

“तुला तिच्यावर बसवूनच भरवलंय मी. राहू दे.”

मी राहिले. करकरणं मात्र सोडलं नाही.

यंदा उन्हाळ्यात युनशी वरच्या खोलीत राहायला आली. चीनहून रसायनशास्त्र शिकायला आलेली. विद्यापीठात शिकवायचं काम मिळालं, तरच तिचं पुढचं शिक्षण होणार होतं, आणि त्यासाठी इंग्रजीतून तोंडी मुलाखत द्यायची होती. सराव कुणासमोर करणार? काकूंचा चातुर्मासाचा नेम आहे, जेवताना मौन. म्हणून सुरुवातीला सांगितलं ते काकू तिलाच म्हणाल्या होत्या. युनशी माझ्यावर बसून पाठ केलेली उत्तरं घडाघडा म्हणायची. काकू शांतपणे जेवत राहायच्या.

एकदा ती मध्येच उत्तर विसरली. मग आईच्या नूडल्सच्या दुकानाबद्दलच सांगू लागली. मळलेलं पीठ थोडा वेळ ठेवलं की सैल का होतं, ते अडखळत, हातवारे करत समजावलं. काकूंचा घास हातातच राहिला.

युनशीनं तो थांबलेला हात पाहिला.

जेवण झाल्यावर काकू म्हणाल्या, “कणीक मी रोज मुरवते गं. ती का मुरते, ते आज कळलं. मुलाखतीत असंच बोल.”

प्रसन्न आलेलाच होता. “पण ॲक्सेंट थोडा अमेरिकन कर. आणि नाव सँडी सांग, त्यांना सोपं जाईल.”

युनशी एकदम ताठ बसली. मीही मोठ्यानं करकरले.

“नाही समजलं तर ते विचारतील. मी पुन्हा सांगेन. नाव युनशीच. आणि काकू, पाठ केलेलं एकही वाक्य बोलणार नाही. प्रॉमिस.”

“बघ रे, खुर्चीसुद्धा हो म्हणाली,” काकू हसल्या.

मित्रांनो, आवाज करतं म्हणून कुणाला रस्त्याकडेला ठेवू नका. माझे सांधे आवळा, खिळा ठोका, पण मला गप्प करायला येऊ नका. मी माणसाचं वजन पेलते, आणि बोलतेही.

आज मुलाखतीचा दिवस. सकाळी काकू देवापुढे बसल्या होत्या. युनशीनं पाठ केलेल्या उत्तरांचे कागद माझ्यावर ठेवले, दाराशी बूट घातले आणि पावलांचा आवाज न करता बसथांब्याकडे निघाली.