साडेबाराचा वास

नाकाला गूगल नसतं, हा शोध दौलतरावांनी लॉकडाउनच्या सतराव्या दिवशी लावला.

त्याआधी ते बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज दुपारी सामान्यज्ञानाचे प्रश्न टाकत. काळेवाडीतली बिल्डिंग, तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला तीन घरं, बारा घरांना एकच जिना. घरात बसून माणसं एकमेकांच्या अंगावर यायला लागली होती, म्हटलं जरा करमणूक. पण सौदी अरेबियाची राजधानी पहिल्या मजल्यावरच्या गोजाबाईंनी अकरा सेकंदांत सांगितली, तेव्हा दौलतरावांनी चष्मा काढून पुसला. गोजाबाईंच्या सासऱ्यांच्या शेतावर ही बिल्डिंग उभी होती, आणि त्या शेताच्या बांधापलीकडचं जग त्यांनी टीव्हीवरही कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

दौलतराव एकतीस वर्षं टाइमकीपर होते. आधी भोसरीला, मग कंपनी हलली तशी चाकणला, गेटजवळच्या खिडकीत बसून त्यांनी माणसांची हजेरी घेतली. एकाच हाताने चौघांची कार्डं पंच केलेली त्यांना नुसत्या मिनिटांवरून कळायची. खोटी नोंद त्यांनी कधी खपवली नाही, स्वतः केली तर नाहीच. निरोपाच्या दिवशी कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. गेटवरची शिट्टी मात्र त्यांनी स्वतःच खिशात घालून आणली.

तीच शिट्टी आता कामाला आली. खेळ सोपा होता. सकाळी एका घराने दौलतरावांना गुपचूप कळवायचं, आज आमच्याकडे काय शिजणार. बरोबर साडेबाराला दौलतराव तिसऱ्या मजल्यावरून शिट्टी मारणार. सगळ्यांनी आपापल्या उंबऱ्यात यायचं, अंतर पाळायचं, मास्क हनुवटीवर घ्यायचा आणि एक मिनिट नाक वर करून श्वास ओढायचा. दुसऱ्या शिट्टीला दार बंद. उत्तर थेट दौलतरावांच्या फोनवर. पदार्थ ओळखला तर दोन गुण, घर ओळखलं तर वर एक.

बिल्डिंग खुळावली. इतके दिवस ज्यांना शेजारणीचं नाव नीट माहीत नव्हतं, ते आता तिची फोडणी ओळखायला लागले. दुसऱ्या मजल्यावर हिंग सढळ पडतो, तळमजल्यावर नवनाथकडे काळा मसाला लातूरहून येतो, असल्या गोष्टींवर गंभीर चर्चा व्हायला लागल्या. गोजाबाई पहिल्या नंबरावर होत्या. त्या लिहीत नसत, आवाज पाठवत. "मेथी हाय. दोनशे तीनची हाय. आन् लसूण जुना हाय, सांगा तिला."

एकच माणूस खेळाबाहेर होता. दौलतरावांची बायको सुभद्राबाई. त्यांना दमा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, ह्यांच्या छातीला हा आजार झेपणार नाही, उंबरा ओलांडू देऊ नका. दौलतराव कोथिंबीर मिठाच्या पाण्यात धूत, दुधाची पिशवी साबणाने धूत, आणि लाइटचं बटण टूथपिकने दाबत.

"मी दारातच उभी राहीन की," सुभद्राबाई म्हणाल्या होत्या.

"नाही. शिवाय परीक्षकाच्या घरातला उमेदवार म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कार्डावर डोळा ठेवला आणि बायकोला कार्डच दिलं नाही, असं म्हणतील."

मे महिना अर्धा सरला. चाकणच्या कंपन्या थोड्या थोड्या माणसांवर सुरू झाल्या. नवनाथला पास मिळाला, आणि महिना-दीड महिना घरात कोंडलेला तो गडी नव्या नवरदेवासारखा कंपनीच्या बसमध्ये चढला. एक आठवडा कामावर, एक आठवडा घरी.

बुधवारी गोजाबाईंची पाळी होती. त्यांनी सुके बोंबील भाजले. दोन गल्ल्यांपलीकडच्या मांजरांनाही त्या दिवशी वेगळं सांगावं लागलं नसतं. बाकीच्या दहा घरांतून दहा उत्तरं आली. नऊ बरोबर. नवनाथने लिहिलं होतं, "काहीतरी जळालंय."

ग्रुपवर त्याची यथेच्छ धुलाई झाली. "भावा, कंपनीने नाक जमा करून घेतलं का गेटवर?" दौलतरावांनी वहीत शून्य मांडलं आणि पान उलटलं.

गुरुवारी तळमजल्याच्या तिन्ही घरांनी लिहिलं, जळकं. शिजत होती दुसऱ्या मजल्यावर गूळपापडी.

दौलतराव खाली उतरले. जिन्याखालची मीटरची पेटी उघडून पाहिली, वायर हाताला थंड होत्या. गच्चीवर जाऊन आले. रस्ता मोकळा, आकाश धुतल्यासारखं, कुठे धुराची काडी नाही. त्यांच्या स्वतःच्या नाकाला गुळाचा खमंग वास येत होता. तळमजल्यावरही, नवनाथच्या दारासमोरही, गूळच.

शुक्रवारी गोजाबाईंचा आवाज आला. नेहमीसारखा ठणठणीत नव्हता. "टायमकीपर, कोणतरी लपवतंय. दूध लागलंय कुणाचं तरी. सकाळधरनं माझ्या नाकातनं जात न्हाई."

"गोजाबाई, आज शेपूची भाजी होती."

मग एवढंच आलं, "शेपू? मला शेपू कळला न्हाई व्हय?"

पहिल्या मजल्यावरच्या आणखी एका घरानेही त्या दिवशी जळकंच लिहिलं. शनिवारी दुसऱ्या मजल्यावरची दोन घरं.

दौलतरावांना आता राग यायला लागला. सात घरांचं एकच उत्तर म्हणजे सात कार्डं आणि एक हात. कुणीतरी टवाळी सुरू केली आहे आणि बाकीचे री ओढताहेत. त्यांनी शनिवारी रात्रीच सापळा लावला. ग्रुपवर लिहिलं: उद्या महाअंतिम फेरी. सगळ्यांनी दहाच्या आत स्वयंपाक उरकून भांडी झाकावीत. फक्त एका घरात गॅस पेटेल.

आणि कुठेच पेटवला नाही.

रविवारी साडेबाराला शिट्टी वाजली. खालून वर कड्या निघत गेल्या. बिल्डिंगला कसलाच वास नव्हता. चुन्याचा नाही, फरशीचा नाही. कठड्यावरून वाकून दौलतरावांना नुसती वर केलेली तोंडं दिसली, डोळे मिटलेली, हनुवटीवर मास्क. कुणी खोकलं. सगळ्यांनी मिळून श्वास ओढला तेव्हा जिन्यातून खालून वर एक गार सुस्कारा चढून आला आणि दौलतरावांच्या सदऱ्याची कॉलर हलल्यासारखी वाटली.

चार घरांनी लिहिलं, काहीच वास नाही. बरोबर. सात घरांनी जळकं लिहिलं. दौलतरावांनी सातही उत्तरं वहीत एकाखाली एक उतरवली, पुरावा म्हणून. दूध. वायर. केस. पोळी. रबर. ओलं लाकूड. आणि तेराव्या वर्षी माहेरच्या गोठ्याला लागलेली आग, हे गोजाबाईंचं.

नक्कल करणारा माणूस शब्द बदलत नाही. हे एकतीस वर्षांत शिकलेलं होतं. सात हातांनी सात कार्डं आपापलीच पंच केली होती.

त्यांनी नवनाथला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने, विजयश्रीने.

"काका, ते झोपलेत."

"दुपारी?"

"बुधवारपासून झोपलेलेच हायत." ती कुजबुजायला लागली. "अंगात ताप हाय. नाक मोकळं हाय, पण वासच कळंना. काल अगरबत्ती नाकाखाली धरली तर म्हणले, जळकं. आता मलाबी तसंच व्हायलंय. काका, कुणाला सांगू नका बरं. बिल्डिंग सील करतील. मालक खोली खाली करा म्हणला तर लेकरं घेऊन जावं कुठं?"

फोन ठेवून दौलतरावांनी वही पुढे ओढली. तारखा आडव्या, घरं उभी. बुधवारी एक, गुरुवारी तीन, शुक्रवारी पाच, शनिवारी सात. शून्यं एखाद्या माणसासारखी जिना चढत होती. मजल्यावर थांबत होती, दम खात होती, पुन्हा चढत होती. तिसरा मजला अजून कोरा होता.

कुणी कुणाच्या दारात गेलं नव्हतं. कुणी कुणाला वाटीभर भाजीसुद्धा दिली नव्हती. दिवसभर सगळी दारं बंद असत. उघडत फक्त साडेबाराला, एक मिनिट. दौलतरावांच्या शिट्टीला.

तारखा पुन्हा ताडून बघायला ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेले. इतक्या जवळ जाऊन त्यांनी ते महिनाभरात पाहिलं नव्हतं. प्रत्येक चौकोनात, तिथीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मेथी, २०३. काळ्या मसाल्याची आमटी, नवनाथ. बोंबील, गोजाबाई. गूळपापडी. शेपू. एकही चूक नाही.

आजच्या चौकोनात लिहिलं होतं, जळकं.

मागे सुभद्राबाई उभ्या होत्या.

"साखळी लावूनच उघडायची हो मी," त्या म्हणाल्या. "दोन बोटं फट. तुम्ही कठड्याशी पाठमोरे असायचात." आणि मग, "एरवी पहिली आले असते ना मी?"

दौलतरावांनी डब्यातला हिंग बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरला. तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला, खेळात घेत असेल तसाच. "जळकं," ती म्हणाली. त्यांच्या स्वतःच्या नाकाला हिंगाने झिणझिण्या आल्या. त्या घरात आता एकच नाक उरलं होतं.

त्यांनी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी दमलेली पण गोड होती. "वास येत नाही? काका, माझ्या कागदावर असं काही नाहीये. ताप आहे? खोकला?"

"बायकोला दमा आहे."

"हो, पण ताप?"

त्यांनी सुभद्राबाईंच्या कपाळाला हात लावला. थंड होतं. "नाही," ते म्हणाले, आणि फोन संपला.

सुभद्राबाई खुर्चीत टेकल्या. दोन वाक्यांमध्ये त्यांना आता थांबावं लागत होतं. दौलतरावांनी वही उघडली, चष्मा लावला आणि तोच नंबर पुन्हा फिरवला.

"घ्या लिहून," ते म्हणाले. आवाज गेटवरच्या खिडकीतला होता. "तळमजला, घर दोन, ताप एकशे दोन. घर एक, एकशे एक. घर तीन, एकशे एक. पहिला मजला, एकशे एक नंबर, वृद्ध महिला, एकशे तीन आणि धाप. एकशे तीन नंबर, ताप..." सात घरं. त्यांतला एक ताप त्यांना माहीत होता. बाकीचे त्यांनी तारखांच्या रकान्यांतून काढले.

"आणि तुमच्याकडे?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. सुभद्राबाईंनी खुर्चीतून हात केला. "एकशे चार सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "कमी सांगू नका."

सोमवारी गाड्या आल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं जिना चढली, त्यांना चेहरे नव्हते. गोजाबाई उतरताना कठडा धरून थांबल्या. वर बघून म्हणाल्या, "टायमकीपर, माझी मार्कं पुसू नका. आल्यावर बघते." सुभद्राबाईंनी पिशवीत नेब्युलायझर घेतला, चार्जर घेतला, आणि कॅलेंडरचं पान फाडून घेतलं. पिंपरीच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. दौलतरावांच्या नाकातला नमुना नेला आणि दारावर कागद चिकटवून गेले.

तीन दिवस सुभद्राबाईंचे मेसेज येत होते. ऑक्सिजन लावलाय. जेवण बेचव आहे, का माझीच जीभ, कळत नाही. तुम्ही काय खाल्लंत? बुधवारी संध्याकाळी नुसतं लिहिलं, "दमले." मग काही नाही. गुरुवारी सकाळी दौलतरावांनी वीस वेळा फोन उघडून पाहिला. वॉर्डात कुणी उचलत नव्हतं.

बाराला त्यांनी मेथी टाकली. हातांना काम हवं म्हणून. मग वही घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि फोन समोर ठेवला. शिट्टी खुंटीला टांगलेली होती.

साडेबाराला खाली कुठेतरी कडी निघाली. सवयीने. मग दुसरी. दौलतराव मोजत बसले. बिल्डिंगमध्ये त्यांच्याशिवाय चारच घरं राहती होती. कड्या आठ झाल्या, नऊ झाल्या, अकरा झाल्या. बाराव्या वेळी, अगदी जवळ, साखळी सरकल्यासारखी वाटली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

फोन वाजला. सुभद्राचा मेसेज.

"जळकं. मेथी आहे ना? गॅस बघा."

दौलतरावांना रडू आलं आणि हसूही. जिवंत आहे. नाक अजून तसंच, पण जिवंत आहे. त्यांनी पेन उचललं, नव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं, आणि शिस्तीप्रमाणे पुढे शून्य काढलं.

शून्याच्या वरून धूर गेला.

करडा, दाट धूर, पानावरून सरपटत दाराकडे निघालेला. दौलतराव उठून आत गेले. कढई काळी ठिक्कर पडली होती, मेथीचा कोळसा झाला होता, गॅसमागची भिंत दिसत नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि कढईवर वाकून नाक थेट धुरात घातलं. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास ओढला.

काही नाही. रविवारच्या जिन्यासारखं. काहीच नाही.

खालून दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काका, कुणाचं जळतंय हो? आज खरंच जळतंय!" आवाजात जवळजवळ आनंद होता.

"दार लाव!" दौलतराव जिवाच्या आकांताने ओरडले. "श्वास घेऊ नकोस! दार लाव आधी!"

कडी बसल्याचा आवाज आला. मग ते बाहेर येऊन बसले. सुभद्राबाईंपुढचं शून्य खोडलं. पदार्थ ओळखला, दोन. घर ओळखलं, एक. तीनपैकी तीन. त्याखाली त्यांनी आजवर वहीत कधी नसलेलं नाव लिहिलं, वेळ लिहिली, बारा चौतीस, आणि त्याच्यापुढे स्वच्छ, गोल शून्य मांडलं.