वॉरंटीतली होडी

मी होडी बोलतेय, अ‍ॅल्युमिनियमची. घोडबंदर रोडच्या मागे खाडीकिनारी राहते. शेजारी ती काळी लाकडाची म्हातारी दिसते ना? ती माझी सवत आहे, असंच समजा.

तिला चिखलातून ओढून ओढून आमच्या मालकांचे, धाकूआबांचे गुडघे गेले, म्हणून त्यांच्या मुलाने, विकीने, मला आणलं. मी हलकी, चकचकीत. वाटलं, आता आबा माझेच. पण पहिल्याच महिन्यात माझ्या तळाच्या रिवेटांतून पाणी येऊ लागलं.

"बुडवून ठेवा तिला," आबांची बायको आवडाबाई म्हणाली. "फुगली की फटी बंद होतील." म्हातारी तशीच बरी होते. आबांनी माझ्यात दगड भरले आणि मला खाडीत बुडवलं. मी फुगायचा फार प्रयत्न केला. पत्रा कुठला फुगतोय!

कंपनीचा माणूस आला आणि हसत सुटला. "काका, साबुदाणा आहे का भिजत घालायला?" मग त्याने तळ न पुसता ओल्यावरच फटी बुजवायचं लुकण फासलं आणि बजावलं, "वॉरंटीत आहे. तुम्ही हात लावायचा नाही."

आठवड्यात लुकण सुटलं. तो पुन्हा आला, सुटलेल्यावरच आणखी थापून गेला. पाणी येतच राहिलं.

आबा शब्दाचे पक्के. मला हात लावीनात. म्हातारीच्या फटीत मात्र कापूस ठोकायचे, तिला तेल चोळायचे, वर तिच्याशी गप्पा! मी जळत पडून राहायचे. वॉरंटी नसलेली किती सुखी!

एके सकाळी विकी म्हणाला, "आबा, कंपनीवाले बदलून देतायत. हिला नेऊ देत."

मी गारठले. आबा माझ्याजवळ येऊन बसले. मग त्यांनी माझ्या लुकणाला नख लावलं.

"आबा, काय करताय? वॉरंटी जाईल!"

"जाऊ दे रे. घरच्या पोरीला ताप आला, तर बापाने हात नाय लावायचा?"

"आता बदलून पण नाय मिळायची," आवडाबाई कुरकुरली.

"मागतोय कोण?"

आबांनी सगळं लुकण खरवडलं, तळ वाळवला आणि विकीला हाताशी घेऊन सैल रिवेट ठोकले. पाणी अजून झिरपतं, पण डब्याने उपसता येतं. मला आता कुणी परत नेणार नाही.

तरी एक सल आहे. दिवसभर माझ्याशी खटपट करताना आबांनी पाठ टेकली होती, ती म्हातारीलाच. तुम्ही कधी इकडे आलात, तर कृपा करून तिला चार हात लांब सरकवा.